लायडनचा पाचवा

रक्त गोठवण्याच्या कारभारात फॅक्टर फाइव्ह हा मानाचा गडी. यकृतात जन्मतो आणि एरवी रक्तात निमूट फिरत राहतो. कुठे कापलं, खरचटलं की थ्रॉम्बिन त्याला जागं करतं. मग फॅक्टर टेनच्या जोडीनं तो भराभर आणखी थ्रॉम्बिन तयार करवतो आणि गुठळी धरते. तो नसला की काय होतं ते पॉल ओव्रेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्लोत पाहिलं. लहानपणापासून रक्तस्रावानं हैराण झालेली एक बाई त्यांच्याकडे आली. गोठण्याचे तोवर माहीत असलेले चारही घटक तिच्या रक्तात जागच्या जागी होते. उणा होता तो पाचवा.

त्याचाच एक भाऊबंद म्हणजे फॅक्टर फाइव्ह लायडन. दिसायला हुबेहूब तसाच. दोन हजारांवर अमिनो आम्लांची साखळी, तिच्यात फरक एकाच ठिकाणी: 506व्या जागी आर्जिनीनऐवजी ग्लुटामीन. जनुकातलं एक अक्षर बदलल्याचा हा परिणाम. कामाला हा तितकाच तत्पर, जखम झाली की वेळेवर हजर. खोड आहे ती एकच, ‘पुरे’ म्हटलेलं याला लवकर ऐकू येत नाही.

‘पुरे’ म्हणण्याचं काम प्रोटीन सी नावाच्या प्रथिनाकडे असतं. गुठळी हवी तेवढी झाली की ते पाचव्याला ठरावीक जागी कापून निकामी करतं आणि पहिला घाव घालतं तो नेमका 506वर. लायडनवाल्याची तीच जागा बदललेली, त्यामुळे घाव बसत नाही. बाकीच्या जागी कापून त्यालाही थांबवता येतं, पण साधारण दहापट सावकाश. तेवढ्या वेळात तो आणखी थ्रॉम्बिन करून मोकळा होतो.

त्याचा हा स्वभाव प्रथम लक्षात आला स्वीडनमध्ये. माल्मचे ब्यर्न डालबेक वारंवार गुठळ्या होणाऱ्या एका रुग्णाचा प्लाझ्मा तपासत होते. त्यात त्यांनी सक्रिय प्रोटीन सी घातलं. गोठायला जास्त वेळ लागायला हवा होता, तो फारसा वाढलाच नाही. नातेवाइकांच्या रक्तातही तोच प्रकार. हे प्रसिद्ध झालं 1993 साली. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या लायडन शहरात रोखिर बर्टिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदललेलं अक्षर शोधलं आणि त्या गावाचं नाव याला कायमचं चिकटलं.

घराणं जुनं आहे. वीस-तीस हजार वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजापासून ते चालत आलं असं मानतात. युरोपीय वंशाच्या शंभर माणसांत साधारण पाच जणांकडे हा असतो. आफ्रिकेच्या आणि पूर्व आशियाच्या मूळ रहिवाशांत तो जवळजवळ नाहीच. भारतात आहे, पण युरोपापेक्षा विरळ. इतकी वर्षं टिकला त्याअर्थी त्याचा काही उपयोगही झाला असावा. बाळंतपणात हा असलेल्या बायकांचं रक्त कमी जातं असं स्वीडनमध्ये आढळलं होतं. रक्तपेढ्या नव्हत्या त्या काळात ही लहान गोष्ट नव्हे.

त्याचं खरं क्षेत्र म्हणजे पायाच्या खोल शिरा. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात तेव्हा तिथलं रक्त वर चढतं. माणूस तासन् तास बसून राहिला, प्लास्टरमध्ये अडकला, शस्त्रक्रियेनंतर पडून राहिला की झडपांमागच्या खोबणीत रक्त रेंगाळतं. तिथे लायडनवाल्याचं फावतं. आईबापांपैकी एकाकडूनच तो आला असेल तर शिरेत गुठळी होण्याचा धोका तीन ते आठ पटींनी वाढतो, दोघांकडून आला तर कितीतरी जास्त. गर्भनिरोधक गोळीची साथ मिळाली तर धोका तीस पटींच्याही वर गेल्याचं लायडनच्याच संशोधकांनी 1994 साली दाखवलं. तरीही हा असलेली बहुतेक माणसं जन्मभर गुठळीवाचून जगतात.

हृदयविकाराचा आळ मात्र त्याच्यावर वाजवीपेक्षा जास्त येतो. कोरोनरी धमनीत आधी चरबीचा थर साचतो, तो फुटतो आणि त्यावर प्रथम प्लेटलेट्स धावून येतात. तिथे पाचव्याचा शब्द फारसा चालत नाही. 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये हृदयरोगाच्या 66 हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. याच्यामुळे वाढलेला धोका भरला सुमारे 17 टक्के. शिरांमधल्या त्याच्या कर्तबगारीपुढे हे काहीच नाही. अपवाद मात्र ठळक आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या तरुण स्त्रियांच्या 1997च्या अभ्यासात, धूम्रपान करणाऱ्या आणि हा बदल असणाऱ्या बायकांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका या दोन्हींपैकी काहीच नसलेल्या बायकांच्या 32 पट निघाला. इथे घात केला तो सिगरेटच्या संगतीनं.

आपल्याकडे तरुण वयात झटका आला की हल्ली ‘जीन्समध्येच असेल’ म्हणून मोकळं होण्याची घाई दिसते. मला ती घातक वाटते. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हे चार गुन्हेगार समोर उभे असताना लायडनवाल्याच्या मागे धावून हाती थोडंच लागणार. मात्र आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला कमी वयात पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, तर गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी, गरोदरपणात आणि मोठ्या शस्त्रक्रियेआधी ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.