दोन नद्यांच्या संगमावरील शाळा

बँकॉकहून उत्तरेस निघालेली आगगाडी अयुथ्थया आणि लोपबुरी मागे टाकते. पहिल्या गावाचे नाव अयोध्येवरून पडलेले, दुसऱ्याचे लवाशी जोडलेले. पुढे नजर पोहोचेल तेथवर भातखाचरे. बँकॉकपासून सुमारे २४० किलोमीटरांवर नखोन सवान येते. हे नावही परके नव्हे. नगर आणि स्वर्ग हे आपलेच दोन शब्द. येथे पिंग आणि नान या नद्या एकत्र येतात व चाओ फ्राया हे नाव धारण करून बँकॉककडे वळतात. एक प्रवाह हिरवट, दुसरा तांबूस. काही अंतर दोघे शेजारी शेजारी वाहतात आणि मग कोण कोणता ते कळेनासे होते. आम्हां बडोदेकरांना चांदोदचा नर्मदा-ओरसंग संगम आठवल्यावाचून राहिला नाही.

या गावी आम्ही उभयता २०२३ च्या मे महिन्यात इंग्रजी शिकविण्यास आलो, तेव्हा दोघांचीही साठी उलटली होती. शाळेच्या फॉर्मावर जन्मसाल बौद्ध शकात लिहावे लागते. १९६१ मध्ये ५४३ मिळविले आणि २५०४ लिहिले. आकडा पाहून आपण एकाएकी पुराणपुरुष झाल्यासारखे वाटले!

वयाचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. येथील सरकारी नोकर साठाव्या वर्षी निवृत्त होतात, आणि परदेशी शिक्षक नेमतानाही पुष्कळ शाळा मनात तोच आकडा धरून असतात. अर्जासोबत छायाचित्र मागतात. केस पांढरे दिसले की पुढचे पत्र येत नाही. शिवाय अनेक जाहिरातींत ‘इंग्रजी ही मातृभाषा असलेलाच’ उमेदवार हवा असतो. चाळीस वर्षे इंग्रजी व्याकरण शिकविलेल्या माणसाने तेथे काय सांगावे? बँकॉकच्या एका मध्यस्थ संस्थेने आमच्या पदव्या वाचल्या, वय विचारले आणि संभाषण आटोपते घेतले. त्या रात्री परतीच्या तिकिटांची चौकशीही करून झाली होती. लोकांनी घरी काय म्हटले असते, याची धास्ती त्या वयातही सुटत नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

समवयस्कांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पन्नाशी ओलांडलेल्यांना थायलंड निवृत्तांचा व्हिसा देते. त्यासाठी बँकेत आठ लाख बाथ दाखवावे लागतात. पण त्या व्हिसावर नोकरी करण्यास मनाई आहे. शिकवायचे तर नोकरीचा निराळा व्हिसा आणि कामाचा परवाना हवा. पदवीपत्रावर आधी आपल्या राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग थाई वकिलातीचा शिक्का. पोलिसांचा दाखला वेगळा. ही कागदपत्रे घरूनच पुरी करून निघावे. तेथे जाऊन ती जमविणे फार खर्चाचे पडते.

अखेर नखोन सवानच्या एका खासगी शाळेने नमुना पाठ घेण्यास बोलाविले. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसल्या, आणि वय न विचारता वर्ग आवरता येतो का एवढेच त्यांनी पाहिले.

वर्गात पन्नासाच्या आसपास मुले. थाई भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, शब्दाच्या शेवटी ‘स’ उच्चारला जात नाही; म्हणून ‘हाऊस’चे ‘हाऊ’ आणि ‘राइस’चे ‘राइ’ होते. हे दोष मुलांचे नव्हेत, त्यांच्या भाषेचे वळण आहे, हे ज्याने स्वतः इंग्रजी परकी भाषा म्हणून घोकली त्याला चटकन उमगते. जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना ते फळ्यावर उकलून दाखविताना आम्हांला जरा समाधान वाटले, हे नाकारीत नाही.

जेवणाचे हाल होतील ही भीती फोल ठरली. शाकाहारास येथे ‘मांग्सविरत’ म्हणतात, म्हणजे आपली ‘मांसविरती’च. मात्र मत्स्याचे खारे पाणी कशात नाही हे विचारीत राहावे लागते.

जूनमध्ये शाळेत ‘वाइ ख्रू’ झाला. ख्रू म्हणजे गुरू. हा सोहळा बहुधा गुरुवारी करतात, आणि गुरुवारचे थाई नावही बृहस्पतीवरूनच आलेले. मुले गुडघ्यांवर सरकत पुढे आली. त्यांच्या हातांतील पुष्पपात्रांत इक्झोराची फुले होती, सुईसारख्या तीक्ष्ण बुद्धीसाठी. वांग्याची फुले होती, कारण ती खाली मान घालून असतात. आणि त्यांच्यामध्ये चक्क दूर्वा! कितीही तुडविली तरी दूर्वा पुन्हा फुटते आणि पसरते, म्हणून ती विद्येची खूण. गणपतीखेरीज कोणापुढे दूर्वा ठेवलेली आम्ही पाहिली नव्हती.

एका मुलीने पात्र आमच्यापुढे ठेवले आणि नमस्कार करून ती ‘थँक यू, टीचर’ म्हणाली. मागाहून शेजारच्या शिक्षिकेने कानात सांगितले की ही मुले वर्षभर आम्हांला आजी-आजोबाच म्हणतील, राग मानू नये. करार एक वर्षाचा होता. पुढल्या वर्षासाठी मुख्याध्यापिकांनी तो पुन्हा पुढे केला तेव्हा वयाच्या रकान्याकडे कोणी पाहिले नाही.