आकड्यात दिसणारी, पोटात न पोचणारी प्रथिनं

मक्याचा मुरघास दरवर्षी हातखंडा जमवणारा गोपालकसुद्धा लसूणघासाच्या वाट्याला जाताना बिचकतो, आणि त्याचं बिचकणं रास्त आहे. मक्यात साखर भरपूर. कुट्टी पिशवीत दाबून भरली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू कामाला लागतात आणि सामू चारच्या आसपास येतो. लसूणघासात साखर कमी, वर त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम आम्लाला सहजी दाद देत नाहीत. सामू रेंगाळत उतरतो. तेवढ्या वेळात प्रथिनांची वाट लागते.

चारा कापला म्हणून त्यातली विकरं थांबत नाहीत. ती पानांतली प्रथिनं तोडत राहतात: आधी पेप्टाइड, मग अमिनो आम्लं, आणि नको ते जिवाणू माजले तर अमोनिया. लसूणघासाच्या मुरघासात निम्म्याहून अधिक प्रथिनांची अशी मोडतोड होऊ शकते. तरीही प्रयोगशाळेच्या अहवालात ‘क्रूड प्रोटीन’ जवळपास तेवढंच दिसतं, कारण तिथे नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन जागच्या जागी असतो, प्रथिन मात्र उरलेलं नसतं. या एका आकड्यावर खुराकाचा हिशेब बसवणं धोक्याचं आहे.

गाईच्या कोटीपोटात असा विरघळलेला नायट्रोजन झपाट्याने अमोनियात बदलतो. तिथले सूक्ष्मजीव त्यातून स्वतःची प्रथिनं घडवतात आणि पुढे तीच गाईच्या कामी येतात. पण त्यांना त्याच वेळी ऊर्जाही हवी. ती नसेल तर अमोनिया रक्तात शिरतो, यकृतात त्याचा युरिया होतो आणि बराचसा मूत्रावाटे निघून जातो. म्हणून अशा मुरघासाच्या जोडीला मक्याचा भरडा द्यायचा.

फिनलंडच्या आर्तुरी इल्मारी विर्तानेन यांनी ही गळती मुळातच रोखली. ओल्या हिरव्या चाऱ्यावर सौम्य केलेली आम्लं शिंपडून त्यांनी सामू एकदम चारच्या खाली आणला. विकरं मंदावली, नको ते जिवाणूही थंडावले. त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘एआयव्ही’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या पद्धतीचा १९४५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात खास उल्लेख झाला.

आपल्याकडे आम्लाआधी ऊन कामी येतं. लसूणघास कापून पातळ पसरावा, लवकर सुकवावा आणि कुट्टी मुठीत घट्ट दाबून बघावी. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि तळहात जेमतेम ओलसर राहिला, तर भरायला हरकत नाही. पाणी ठिबकलं तर थांबावं. ओल्या चाऱ्यात ब्युटिरिक आम्लाची दुर्गंधी ठरलेली.

मात्र फार वाळलेला चारा नीट दबत नाही. आत हवा राहते, ढीग तापतो आणि प्रथिनं साखरेला चिकटून बसतात. असा मुरघास तपकिरी होतो, तंबाखूसारखा गोडसर वास येतो आणि जनावरं तो आवडीने खातात. फसगत होते ती इथेच, कारण ती बांधलेली प्रथिनं न पचता शेणावाटे बाहेर पडतात. तेव्हा नमुना तपासायला देताना अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन आणि उष्णतेने बांधला गेलेला नायट्रोजन, हे दोन आकडेही आवर्जून मागून घ्यावेत.