सीताबर्डीहून टाकळघाटास

सीताबर्डीच्या भर बाजारांत उभें राहून टेकडीवरील किल्ल्याकडे पाहिलें, म्हणजे नागपूरकरांस बहुधा १८१७ सालच्या नोव्हेंबरांतील लढाई आठवते. आप्पासाहेब भोसल्यांच्या राज्याचा कणा मोडला तो येथेंच. परंतु या प्रदेशाचा इतिहास भोसल्यांच्याहि मागें दोन-अडीच हजार वर्षें जातो, आणि तो तटबुरुजांत नसून शेतांतून, माळांवर पडलेल्या धोंड्यांच्या वर्तुळांत आहे, हें आम्हांसहि उशिरांच कळलें.

हीं वर्तुळें म्हणजे लोहयुगांतील लोकांचीं दफनस्थानें. काटोल रस्त्यावरील जुनापाणी, त्याच बाजूची माहुरझरी आणि दक्षिणेस बुटीबोरीजवळचें टाकळघाट-खापा हीं त्यांतलीं नामांकित. १९६० नंतर डॉ. शां. भा. देव यांनीं नागपूर विद्यापीठातर्फे खापा व माहुरझरी येथें उत्खननें केलीं. मृतांच्या सोबतीस लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, तांब्याचीं भांडीं आणि चक्क घोडे पुरलेले निघाले. माहुरझरीच्या घोड्याच्या मुखावर तांब्याच्या पत्र्याचा साज होता. अशा या दफनांतून तांब्याच्या लहान लहान घंटाहि मिळाल्या आहेत.

घंटांचें हें वर्णन वाचल्यापासून आमच्या पुतण्यास चैन पडेना. त्यानें धातु शोधणारें यंत्र मिळविलें आणि एका रविवारीं आम्हीं सीताबर्डी सोडून टाकळघाटची वाट धरली. वर्तुळांच्या जवळपास यंत्र न्यावयाचें नाहीं, ही अट आम्हीं आधींच घातली होती. संरक्षित स्थळीं परवान्यावांचून माती उकरणें हा गुन्हा आहे. म्हणून गांवाच्या दुसऱ्या अंगास, एका वृद्ध शेतकऱ्याची अनुमति घेऊन, नुकत्या नांगरलेल्या वावरांत तें फिरविलें. खिळे, नालाचा तुकडा, बाटलीचें झांकण एवढें झाल्यावर यंत्र एकाएकीं मोठ्यानें वाजलें. ढेंकूळ फोडतांच हिरवट पडलेले दोन वक्र तुकडे हातीं आले. जोडून पाहिले तों घंटेचा आकार! आम्हां वडिलधाऱ्यांच्याहि छातींत धडधडलें, हें कबूल केलें पाहिजे. तीन हजार वर्षांपूर्वींच्या घोड्याची घंटा आपल्या तळहातावर आहे, असें क्षणभर वाटलें.

वृद्धानें तुकडे अंगठ्यानें पुसले आणि तो हंसला. "साहेब, हे तं आमच्या आज्याच्या बैलाची घाटी व्हय. पोयाले घालत."

पुतण्या हिरमुसला. आमच्या मनांत मात्र निराळाच विचार आला. यंत्रास आज्याची घाटी आणि लोहयुगांतील घंटा यांत कांहींच भेद दिसत नाहीं. दोहोंसहि तें वाजून साद देतें. भेद सांगते ती भोंवतालची माती: घंटा कोणत्या थरांत होती, घोड्याच्या मानेशीं कीं माणसाच्या पायाशीं, शेजारीं कोणतें खापर होतें. खुरप्यानें एक वीत उकरलें कीं तो लेख कायमचा पुसला. मग उरतें तें वजनावर विकावयाचें तांबें. तीं ढेंकळें नांगराखालून आधींच उलथलेलीं होतीं म्हणून बरें. एरवीं आमच्याकडून काय झालें असतें, कोण जाणे! दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळवावा, असा १८७८ चा कायदा आहे. पण कायदा मातीचे थर परत लावून देत नाहीं.

परततांना वाटेंत एक ओढा लागला. याच मुलखांत सप्टेंबर १८६३ मध्यें स्टीफन हिस्लॉप हे टाकळघाटचीं वर्तुळें पाहून घोड्यावरून परतत असतां पुराच्या पाण्यांत बुडून मरण पावले. ते मिशनरी, धर्मप्रसाराविषयीं त्यांच्याशीं आमचें जमलें नसतें. पण खडक, जीवाश्म, गोंडांच्या परंपरा यांसाठीं त्यांनीं पायपीट किती केली! त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें छापविले, म्हणून तें श्रम वांचले. नागपूरचें अजब बंगला म्हणून प्रसिद्ध असलेलें संग्रहालयहि त्याच १८६३ सालचें.

घाटीचे ते दोन तुकडे पुतण्यानें मागितले होते. वृद्धानें दिले नाहींत. पंच्याच्या टोकास गांठ मारून तो म्हणाला, "घरीं दाखवतो पोट्ट्याइले," आणि वावराच्या वाटेनें निघून गेला.