कोणता बेल्ट?

अम्मींना आठवड्यातून दोन वेळा डायलिसिससाठी जळगावला न्यावे लागू लागले, तेव्हा आम्ही जुनी गाडी घेतली. विनाअनुदानित उर्दू शाळेतल्या मास्तराच्या पगारात नवी गाडी बसत नव्हती. चोपड्याहून अडावद, धानोरा, मग विदगावचा तापीवरचा पूल, असा आमचा रस्ता.

गाडी डिझेलची, नऊ वर्षांची. मीटरवर 58,000 किलोमीटर. विकणारा म्हणाला, "बेल्ट नुकताच बदललाय, सर." पावतीही दाखवली. तिच्यावर 'बेल्ट' एवढाच शब्द होता. मुलांच्या वह्यांत एक नुक्ता चुकला तरी आम्ही लाल खूण करतो. या शब्दाला मात्र काहीच विचारले नाही.

ते विचारले गॅरेजच्या उस्तादांनी. "कोणता बेल्ट, सर? बाहेरचा की टायमिंगचा?"

आम्हाला दोन बेल्ट असतात हेच ठाऊक नव्हते. उस्तादांनी समजावले. बाहेरचा बेल्ट अल्टरनेटर फिरवतो. सैल झाला की किंचाळतो. टायमिंग बेल्ट झाकणाआड असतो, दातेरी रबराचा. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक, हा मेळ तो राखतो. त्यावरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, मिटतात. चालत्या गाडीत तो तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिन खोलावे लागते. आणि तुटण्याआधी तो बहुधा काहीच बोलत नाही.

झाकण काढले. दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा, कडेला तेलाचा ओशटपणा. पावती बाहेरच्या बेल्टची होती. उस्तादांनी झिजलेल्या पेडलकडे बोट दाखवले. "हे 58,000चे रबर वाटते का तुम्हाला?"

"मग बदलायचा कधी?" आम्ही विचारले.

कंपनीचे पुस्तक आधी पाहावे. कुठे 60,000 किलोमीटर लिहिलेले असते, कुठे एक लाख; सोबत वर्षेही दिलेली असतात. जे आधी भरेल ते खरे, कारण उभ्या गाडीतही रबर म्हातारे होते. जुन्या गाडीचा भरवशाचा पुरावा नसेल तर घेतल्याबरोबर बदलून तिथून मोजायला लागावे. ताण देणारी बेअरिंगही तेव्हाच बदलावी. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण खोलण्याची मजुरी तीच. काही इंजिनांत बेल्टच नसतो. मारुती 800मध्ये बेल्ट, तर स्विफ्टच्या 1.3 डिझेलमध्ये साखळी. म्हणून आधी तेवढे विचारून घ्यावे.

खर्च ऐकून आम्ही म्हणालो, "सुट्टीत करू." उस्ताद हात पुसत म्हणाले, "सर, मागच्या सीटवर अम्मी असतील आणि पुलावर तुटला, तर?"

गाडी तिथेच ठेवली. त्या वर्षी ईदला मुलांचे कपडे साधेच आले.

शाळेत मुले आम्हाला उस्ताद म्हणतात. त्या दिवशी आम्ही मुकाट्याने विद्यार्थी झालो. बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख आणि किलोमीटर लिहून चिकटवले. अम्मींची एकही फेरी गाडीमुळे चुकली नाही.

अम्मी गेल्या. पुढे गाडीही विकली. घेणाऱ्याने विचारले, "बेल्ट बदललाय ना, सर?" आम्ही बॉनेट उघडून ती चिठ्ठी दाखवली. तिच्यावर 'टायमिंग बेल्ट' असे पूर्ण लिहिले होते. तारीख पाहून आम्हीच म्हणालो, "आता पुन्हा बदलायची वेळ आलीय. तेवढे पैसे किमतीतून कमी द्या."