वर्गातले ते प्राध्यापक



घरच्या ग्रुपवर तू ‘३ इडियट्स’मधला वर्गाचा प्रसंग टाकलास आणि विचारलंस, मामा, हे प्राध्यापक कोण? नायक रँचोने पुस्तकाची लांबलचक, अवघड व्याख्या सांगितल्यावर, याला म्हणायचंय तरी काय, असं वैतागून विचारणारे ते अच्युत पोतदार. लातूरच्या ट्यूशन एरियात व्याख्या घोकत वाढलेल्या तुला ते ओळखीचे वाटणारच. तो माणूस खरोखरच प्राध्यापक होता.

जन्म २२ ऑगस्ट १९३४, जबलपूर. वाढले इंदूरला. १९६१ मध्ये अर्थशास्त्रात एम. ए. झाले आणि रीवाला शिकवू लागले. मग फळ्यासमोरून थेट लष्करात! चीन आणि पाकिस्तानशी झालेल्या युद्धांचा तो काळ. १९६२ च्या चीन युद्धातल्या धक्क्यानंतर लष्कराने कितीतरी पदवीधर तरुणांना तातडीने अधिकारी करून घेतलं होतं. पोतदार १९६७ मध्ये कॅप्टन म्हणून बाहेर पडले.

पुढे इंडियन ऑइलची नोकरी, जवळपास पंचवीस वर्षं.

निवृत्तीनंतर त्यांनी वेळ घालवायला सिनेमा धरला, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. त्यांनी काम केलेला ‘आक्रोश’ १९८० चा, ‘अर्धसत्य’ १९८३ चा. नोकरीतून ते निवृत्त झाले १९९२ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी. म्हणजे पंचेचाळिशी गाठल्यावर, नोकरी सांभाळून, मिळेल ती छोटी भूमिका त्यांनी मन लावून केली. अशा सव्वाशेहून जास्त चित्रपटांत ते दिसले. नायकाचं नाव मोठ्या अक्षरांत लागतं. पण सिनेमातला वर्ग, घर, कचेरी खरी वाटते ती अशा नटांमुळे. मला त्यांचं मोल फार वाटतं.

‘३ इडियट्स’ आला तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते. त्या वर्गातला त्यांचा वैताग बघ. त्यात दुष्टपणा नाही. पोरगं चांगलं आहे, पण ऐकत नाही, हीच कळकळ आहे. वर्गात उभं राहिलेल्या माणसालाच ती साधते, असं मला वाटतं.

२०२० मध्ये झी मराठीवर ‘माझा होशील ना’ ही मालिका सुरू झाली. त्यातल्या चार मामांच्या घरातले अप्पा तेच. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यात ते गेले. एक्क्याण्णव पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते.

आता सुट्टी मिळाली की ‘अर्धसत्य’ बघ. पोतदार त्यात कुठे सापडतात, ते मला फोन करून सांग.

तुझा मामा,
नांदेड