दिवस जाण्याआधी

सुरतेतल्या कतारगामची पापडी आता बरीचशी नावालाच कतारगामची. उंधियूसाठी गिऱ्हाईक तिला अजून गावाच्या नावानं मागतं, पण पापडीच्या वाड्यांवर कधीच हिऱ्यांचे कारखाने आणि सोसायट्या उभ्या राहिल्या.

मी मूळची अमळनेरची. ताप्ती लाइनच्या गाडीनं लग्न होऊन सुरतेत आले आणि नव्वदच्या दशकात इथल्या गल्ल्यांत आरोग्याचं काम करू लागले. तेव्हा आमची वही ‘दिवस गेले’ इथून सुरू व्हायची. गुजराती शेजारणीही ‘सारा दिवस जाय छे’ असंच म्हणायच्या. बाई वहीत यायची ती बहुधा चौथ्या-पाचव्या महिन्यात. त्याआधीच्या बाईला सांगायला आमच्याकडे एकच गोष्ट होती, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण. मूल कसं लांबवायचं ते भिंतीभिंतीवर रंगवलेलं. मूल हवं असेल तर आधी स्वतःच्या अंगात रक्त किती आहे ते बघ, असं मी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही.

फिरणं सगळं पायी. १९९४च्या प्लेगनंतर तर तब्येत विचारायला दारात आलेल्या माणसाला कुणी परत पाठवत नसे. आत गेलं की सगळं दिसायचं. साडीवर टिकल्या चिकटवत बसलेली बाई, शेजारी चहाची बशी, दुपार टळली तरी पोटात अन्न नाही. गरोदर बाईला लोह-फॉलिक ॲसिडच्या शंभर गोळ्या द्यायच्या. त्यांनी शौचाला काळं होतं, त्यावरून सासू बाळाचा रंग ठरवायची. “बेन, छोकरो काळो थशे!” पुढच्या फेरीला गोळ्या डब्यात तशाच.

आणि घेतल्या असत्या, तरी एका बाबतीत उशीरच झालेला असे. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. तोवर बाईला पाळी चुकल्याचं जेमतेम कळलेलं असतं. आधीचं मूल ही नळी न मिटल्याच्या व्यंगाचं झालेल्या बायकांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर ते व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे १९९१मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं होतं. मी तेव्हा पाचव्या महिन्याच्या नोंदी करत होते! पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६पासून संशोधकांनी बायकांना दिवस जाण्याआधीच पालेभाज्या, फळं, दूध घातलेला खाऊ रोज देऊन पाहिला. त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह कमी आढळला.

आता वही गेली, आशा कार्यकर्तीच्या हातात मोबाइल आला. शाळेत मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते, लोह आणि फॉलिक ॲसिडची. आम्हाला जे सुचलं नाही ते सुरू झालं, याचा आनंद आहेच. पण राष्ट्रीय पाहणीत गुजरातच्या १५ ते ४९ वयाच्या बायकांतलं रक्तक्षयाचं प्रमाण २०१५-१६ला ५४.९ टक्के होतं, ते २०१९-२१ला ६५ टक्के निघालं. गोळी वेळेवर आली, रक्त आलं नाही. मोबाइलमध्ये ‘दिली’ अशी खूण होते. ती टिकल्यांची साडी आणि चहाची बशी त्यात कुठे भरायची?

नव्या सुनेची अडचण वेगळीच. तिच्या हातात फॉलिक ॲसिड दिसलं की सासूबाईंच्या कपाळावर आठ्या. “गोळी? आत्तापासून?” गोळी म्हणजे मूल नको असलेल्यांची, हे आम्हीच इतकी वर्षं शिकवलं. आता निस्तरायलाही आम्हीच हवं.

खानदेशातून आजही इथं मुली सून होऊन येतात. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी भागात आणि दक्षिण गुजरातेतही सिकलसेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार आहे. नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला तो आजार होण्याचा चारांत एक धोका. म्हणून आयांनो, सासवांनो, लग्नपत्रिका छापायला टाकण्याआधी मुलगा-मुलगी दोघांचं रक्त तपासून घ्या. आणि सुनेला जेवणावर लगेच चहा देऊ नका, त्यानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.