परक्या मातीतले बिऱ्हाड

इंग्लंडच्या मध्यभागी नॉर्थॅम्प्टनशायर नावाचा परगणा आहे. तेथून समुद्र दूर. अठराव्या शतकात तेथील खेड्यांतील पुष्कळशी माणसे ज्या गावी जन्मत त्याच पंचक्रोशीत आयुष्य काढीत आणि तेथल्याच चर्चच्या आवारात मातीआड होत. अशाच एका गावी, पिडिंग्टन येथे, १७८१ साली एक साधेसे लग्न झाले. वर विल्यम कॅरे, विणकराचा मुलगा आणि जोडे शिवणारा कारागीर; वय अवघे एकोणीस. वधू डोरोथी प्लॅकेट त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. नोंदवहीत विल्यमने आपले नाव लिहिले. डोरोथीने फुली काढली, कारण तिला लिहिता येत नव्हते.

विल्यमला विद्येचा विलक्षण नाद होता. जोडे शिवता शिवता त्याने लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा आत्मसात केल्या. कामाच्या बैठकीसमोरील भिंतीवर त्याने हाताने केलेला जगाचा एक मोठा नकाशा लावला होता, आणि कोणत्या देशात किती लोक राहतात, त्यांचा धर्म कोणता, हे त्यावर टिपून ठेविले होते. आरी चामड्यात शिरे, डोळे नकाशावर फिरत. त्याच छपराखाली डोरोथी चूल पेटवीत होती, मुलांचे कपडे सांधीत होती. तिच्या दोन मुली लहानपणीच दगावल्या होत्या. नकाशावरील दूरदूरच्या देशांशी तिला काय कर्तव्य असणार?

पुढे कॅरे धर्मोपदेशक झाला. १७९२ साली त्याने व त्याच्या सोबत्यांनी परदेशी धर्मप्रचारासाठी एक मंडळी स्थापन केली, आणि बंगालमध्ये राहून आलेल्या जॉन टॉमस नावाच्या डॉक्टराबरोबर आपण स्वतःच हिंदुस्थानात जावे, असे कॅरेने ठरविले. हा बेत डोरोथीस कळला तेव्हा तिने साफ नकार दिला.

तिचा नकार अडाणीपणाचा होता असे कोणी समजू नये. तिला दिवस गेले होते. पदरी तीन मुलगे होते. १७९३ च्या आरंभीच फ्रान्सने इंग्लंडशी युद्ध पुकारले होते आणि समुद्रावर शत्रूच्या जहाजांचे भय होते. शिवाय ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना येऊ देत नसे. म्हणजे इतके संकट सोसून पोहोचल्यावरही तेथे पाय ठेवावयास मिळेलच अशी खात्री नव्हती. कॅरेने ऐकले नाही. थोरल्या फेलिक्सला बरोबर घेऊन, बायकोस मागे ठेवून तो निघाला.

पण परवाना नाही म्हणून कप्तानाने त्यांस जहाजावरून उतरविले. दुसऱ्या, डॅनिश जहाजाचा शोध लागला, त्यात काही दिवस गेले. तेवढ्या अवधीत कॅरे व टॉमस पुन्हा घरी आले. डोरोथी बाळंत होऊन थोडेच आठवडे झाले होते. टॉमसने तिची परोपरीने मनधरणी केली. अखेर, धाकटी बहीण किटी सोबत येत असेल तर मी येते, असे ती म्हणाली. घरातील चीजवस्तू घाईघाईने विकण्यात आली. ज्या संसाराची एकेक वस्तू जमवावयास बारा वर्षे लागली होती, तो मोडावयास एक-दोन दिवस पुरले. तिने होकार दिला खरा. परंतु असा होकार आणि मनापासूनची संमती यांत फार अंतर असते.

१३ जून १७९३ रोजी जहाजाने डोव्हर सोडले. ते कलकत्त्याजवळ पोहोचले ११ नोव्हेंबरला. पाच महिने नुसते पाणी! कॅरे या काळात टॉमसकडून बंगाली शिकत होता. डोरोथीच्या मांडीवर तान्हा जेबेझ होता.

बंगालमध्ये उतरल्यावर विंचवाच्या बिऱ्हाडाची गत झाली. बरोबर आणलेला पैसा टॉमसच्या हातून थोड्याच आठवड्यांत संपला. घर बदलावे, पुन्हा बदलावे, उधारीवर दिवस काढावेत, असे चालले. एका बंगाली सावकाराने आपल्या बागेतील लहानसे घर त्यांस राहावयास दिले. परक्या मुलखात त्यांना मिळालेला हा पहिला आसरा होय. तेथून १७९४ च्या फेब्रुवारीत ते होडीने सुंदरबनाकडे गेले. तेथे जंगल तोडून शेती करण्याचा कॅरेचा विचार होता. मिठाच्या खात्यातील शॉर्ट नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने या अनोळखी कुटुंबाला आपल्या घरी ठेवून घेतले. जवळच्या रानात वाघ होते. डोरोथी व फेलिक्स रक्ती हगवणीने बेजार झाली. दोघी बहिणींना तर भात व कालवण खाऊन राहणे कठीण वाटे. गव्हाच्या पावाची त्यांना आठवण येई. कॅरेला ही कुरकुर मनाला लागे. पण जन्मभर भाकरी खाल्लेल्या माणसाला चार महिने भाकरीवाचून ठेवून पाहावे, म्हणजे त्या पावाची किंमत कळते. किटीने पुढे याच शॉर्टशी लग्न केले. ज्या बहिणीच्या भरवशावर डोरोथीने समुद्र ओलांडला होता, तीही मग जवळ उरली नाही.

त्याच वर्षी कॅरेला उत्तर बंगालात, मालद्याच्या बाजूस, मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर दरमहा दोनशे रुपयांची नोकरी मिळाली. आता स्थैर्य येईल असे वाटले. गाव नदीकाठी, हवा दमट, तापाची. पावसाळा सरता सरता कॅरे तापाने अंथरुणास खिळला आणि पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला.

त्या मुलाची माती करणे हेच एक संकट होऊन बसले. प्रेताला शिवले तर जातीबाहेर पडू, हे भय गावात होते. खड्डा खणावयास माणूस मिळेना, उचलावयास खांदा मिळेना. पुष्कळ विनवण्या केल्यावर चार मुसलमान माणसे खड्डा खणावयास तयार झाली. परक्या देशात आपण किती परके आहोत, हे त्या दिवशी आईबापांना कळले असेल.

डोरोथीचे मन यातून सावरले नाही. १७९५ पासून तिला भ्रम होऊ लागले. नवऱ्यावर भलतेसलते संशय येऊ लागले, ती रागाने बेभान होई. त्या काळी मनाच्या आजारावर उपाय माहीत नव्हते. खोलीचे दार बाहेरून लावून घेणे, एवढाच उपाय लोकांस ठाऊक होता, आणि तिच्या बाबतीतही पुष्कळदा तेच करावे लागले. तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवावे असा सल्ला मित्रांनी दिला. कॅरेने तो मानला नाही. शेजारच्या खोलीत तिचा आक्रोश चालू असता तो पंडितांसह भाषांतर करीत बसे. जुन्या चरित्रकारांनी डोरोथीला थोर पुरुषाच्या गळ्यातील लोढणे म्हणून रंगविले. हा न्याय नव्हे. त्या संसारात नकाशा नवऱ्याचा होता. किंमत दोघांनी मोजली, आणि तिच्या वाट्यास अधिक आली.

१८०० च्या जानेवारीत हे कुटुंब श्रीरामपुरास आले. हुगळीच्या काठचे हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असल्याने कंपनीचा हुकूम तेथे चालत नसे. मार्शमन, वॉर्ड आदी सोबत्यांसह सर्वांचे जेवणखाण एकत्र होऊ लागले. कॅरेची मुले तोवर रानात वाढलेल्या वासरांसारखी झाली होती. हॅना मार्शमन या बाईंनी त्यांना आईची माया दिली, आणि मुद्रक असलेल्या वॉर्डने फेलिक्सला हाताशी धरून छापखान्यात कामाला लावले. ही मुले बंगाली बोलत मोठी झाली. फेलिक्सने तर पुढे बंगाली भाषेत शरीररचनेवर ग्रंथ लिहिला. बापाने जी भाषा पुस्तके उघडून मिळविली ती मुलांना खेळता खेळता आली. नव्या देशात मुलांची मुळे मोठ्यांच्या आधी धरतात ती अशी.

आपल्या मराठीचा या घराशी संबंध आला तो येथेच. कॅरे १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवू लागला. पुढे संस्कृत व मराठीही त्याच्याकडे आल्या. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने सिद्ध केलेले मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरास छापले गेले, आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत होते. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, बंगाली कारागिरांच्या वस्तीत मोडीचे खिळे जुळवले जात होते!

व्याकरण आणि कोश यांच्या मधल्या काळात, १८०७ च्या डिसेंबरात, डोरोथी तापाने वारली. चौदा वर्षे ती बंगालमध्ये राहिली. तिने स्वतः लिहिलेली एकही ओळ आपल्याजवळ नाही.

कॅरे आणखी सत्तावीस वर्षे जगला. १८३४ साली श्रीरामपुरासच त्याचा अंत झाला. एकेचाळीस वर्षांत तो एकदाही मायदेशी गेला नाही. त्याने तेथे मोठी बाग केली होती. एकदा इंग्लंडहून बियांची थैली आली. बिया काढून घेतल्यावर तळाशी राहिलेली माती वाया जाऊ नये म्हणून त्याने थैली सावलीतल्या एका कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तेथे एक रोप उगवले आणि त्याला फूल आले. ते डेझीचे होते, इंग्लंडात गवतात कोठेही उगवणारे, कोणी मुद्दाम न पाहणारे. तीस वर्षांनंतर ते फूल पाहून या वृद्ध पंडिताला झालेला आनंद त्याने एका पत्रात लिहून ठेविला आहे. बंगालचा उन्हाळा त्या रोपास सोसेना. म्हणून तो बी राखून ठेवी आणि दर साली नव्याने पेरी. डोरोथीला जाऊन तेव्हा पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.